स्वस्तातला लॅपटॉप: पैसे नेमके कशावर खर्च करावेत?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. पेपर वाचणं, यूट्यूब, बँकेची कामं आणि नातवाशी व्हिडिओ कॉल, एवढ्यासाठीच हलका लॅपटॉप हवाय. बजेट पंचवीस हजारांच्या आसपास. काय घेऊ?
- एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, दुकानदार आधी प्रोसेसरचं नाव सांगेल. तुम्ही आधी रॅम विचारा. ब्राउझरचा प्रत्येक उघडा टॅब रॅम खातो. ४ जीबीत व्हिडिओ कॉल चालू असताना दुसरं पान उघडलं की मशीन अडखळतं. ८ जीबी घ्याच, कारण स्वस्त मॉडेलमध्ये रॅम बहुधा बोर्डालाच जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. स्टोरेज एसएसडी हवं. ६४ जीबी ईएमएमसी (एसएसडीपेक्षा संथ, स्वस्त स्टोरेज) असलेला विंडोज लॅपटॉप फुकट दिला तरी नको. अपडेट आलं की जागा संपते.

तुमच्या कामांना क्रोमबुक, म्हणजे विंडोजऐवजी गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप, पुरेसं आहे. मात्र घेण्याआधी त्या मॉडेलला अपडेट कधीपर्यंत मिळणार ते बघा. २०२१पासून आलेल्या क्रोमबुकना गूगल दहा वर्षं अपडेट देतं, पण ही वर्षं त्या मॉडेलचा हार्डवेअर प्लॅटफॉर्म बाजारात आल्यापासून मोजतात, तुमच्या खरेदीपासून नव्हे. टॅली किंवा डिजिटल सहीचं टोकन वापरायचं असेल तर मात्र विंडोजच.

जुना रिफर्बिश्ड घेणार असाल तर त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालतं का ते विचारा. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५मध्ये संपला.

वजन दीड किलोच्या आत, स्क्रीन फुल एचडी. आणि दुकानात कीबोर्डवर दोन ओळी टाइप करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.