ओउलूचा हिवाळा, सायकल आणि चारशे युरो

फिनलंडमधल्या ओउलूला शिकायला निघालेल्या मुलांच्या घरी खरेदीची सुरुवात हमखास जाड जॅकेटपासून होते. पंधरा-वीस हजार त्यातच जातात. हा पैसा चुकीच्या ठिकाणी जातो असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे फिरायचं सायकलवर, आणि दहा मिनिटं पॅडल मारलं की अंग आपसूक तापतं. गारठतात ती हाताची बोटं, कान आणि पायाचे अंगठे. आणि खरा धोका थंडीचा नसतोच, घसरण्याचा असतो. म्हणून पहिला खर्च टायरवर करा.

ओउलूत डिसेंबरमध्ये सूर्य जेमतेम साडेतीन तास दिसतो आणि पारा उणे वीसच्या खाली सहज उतरतो. तरीही शाळकरी पोरांपासून आजीआजोबांपर्यंत माणसं सायकलवर असतात, कारण रस्ते तसे राखलेले आहेत. सायकल आणि पायी चालणाऱ्यांसाठी शेकडो किलोमीटरचं वेगळं जाळं आहे, मोठ्या रस्त्यांखालून भुयारी मार्ग आहेत, आणि मुख्य मार्गांवरचा बर्फ सकाळी लोक कामाला निघायच्या आत सारला जातो. खाली उरलेला बर्फ मिठाने वितळवण्याऐवजी बहुतेक ठिकाणी घट्ट दाबून, खरवडून वर बारीक खडी टाकतात. हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ साली इथेच भरली, ती उगाच नाही.

आता हिशेब. पुढचे आकडे अंदाजाचे आहेत. सोयीसाठी एक युरो म्हणजे शंभर रुपये धरा.

सायकल जुनीच घ्या. सेकंड-हँड बाजारात चालू स्थितीतली साधी सायकल १०० ते २०० युरोंत मिळते. मागच्या चाकाच्या हबमध्येच तीन गिअर असलेली आणि पॅडल उलटं दाबलं की ब्रेक लागणारी मिळाली, तर डोळे झाकून तीच उचला. बाहेर लटकणाऱ्या गिअरच्या दात्यांमध्ये ओला बर्फ अडकून गोठतो आणि साखळी उड्या मारायला लागते. ब्रेकच्या केबलमध्ये पाणी शिरून गोठलं तर हँडलवरचा ब्रेक लागतच नाही. उलट्या पॅडलच्या ब्रेकला केबलच नसते. मडगार्ड दोन्ही चाकांना हवेत, पण ते टायरला फार चिकटून नकोत. मधे बर्फ भरला की चाक जाम होतं.

टायर मात्र नवे आणि खिळ्यांचे. एकाला साधारण ४० ते ७० युरो पडतात. दुकानात जाण्याआधी जुन्या टायरच्या कडेला कोरलेला आकडा मोबाइलवर टिपून ठेवा, ३७-६२२ असा काहीतरी असतो. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचं माप, दोन्ही मिलिमीटरमध्ये. नुसतं ‘अठ्ठावीस इंची’ म्हणून मागितलेला टायर चाकावर बसेलच असं नाही. खिळ्याचं टोक कार्बाइडचं आहे ना, तेही विचारा. साध्या पोलादाचे खिळे डांबरावर लवकर झिजतात. कार्बाइडचे असतील तर टायर तीन-चार हिवाळे सहज काढतो. नवे टायर पहिले चाळीसेक किलोमीटर जोरात ब्रेक न दाबता चालवले की खिळे जागेवर घट्ट बसतात. हातात एकाच टायरचे पैसे असतील तर तो पुढच्या चाकाला लावा. मागचं चाक सरकलं तर सावरता येतं, पुढचं सरकलं की माणूस आडवाच.

सगळ्यात वाईट दिवस उणे वीसचे नसतात. त्या थंडीत बर्फ कोरडा, करकरीत असतो आणि पकड चांगली मिळते. शून्याच्या आसपासच्या दिवसांत जपून राहायचं. दुपारी चिखलासारखा झालेला बर्फ रात्री चाकोऱ्यांसकट गोठतो, आणि सकाळी त्यावर पाण्याचा पातळ थर असतो.

दिव्यांना ३० ते ४० युरो ठेवा. अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा कायद्याने लागतो. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून काढता-लावता येणारे दिवे घ्या आणि घरात चार्ज करा. हँडलवर चढवायची जाड खोळ ३० युरोंच्या आसपास मिळते. तिच्यात हात घातले की आत साधे हातमोजेही पुरतात. बूट एक नंबर मोठे घ्या, आत लोकरी मोजे घालून अंगठा हलला पाहिजे. लोकरी मोजे आणि कानटोपी इकडूनच न्या. कुलपाला ४० ते ५०, तेल आणि ब्रशला १५. दीडशेची सायकल धरली, तर बूट सोडून सगळं चारशे युरोंच्या आसपास बसतं, म्हणजे चाळीस हजार रुपये.

सायकल रोज उबदार खोलीत आणू नका. बर्फ वितळून पाणी केबलमध्ये आणि कुलपात शिरतं आणि बाहेर पडताच गोठतं. बहुतेक वसाहतींत सायकलींसाठी शेड किंवा कोठी असते, तिथेच ठेवा. कुलूप गोठलं तर तोंडाने फुंकू नका, वाफेचा आणखी बर्फ होतो. किल्ली लायटरने थोडी गरम करून घाला. साखळीला ओल्या हवेसाठीचं तेल आठवड्यातून एकदा. विजेची सायकल असेल तर बॅटरी मात्र घरात आणा, कारण गोठलेल्या बॅटरीला चार्जिंग लावलं तर ती खराब होते.

खरेदी सप्टेंबरमध्येच उरका. पहिला बर्फ पडला की सगळे एकदम दुकानात धावतात आणि नेमक्या मापाचे टायर मिळेनासे होतात. एप्रिलच्या सुमारास रस्ते उघडे पडले की खिळ्यांचे टायर उतरवून ठेवा. रस्त्यावरची खडी झाडून नेईपर्यंत पंक्चरचं सामान मात्र जवळ असू द्या, तिच्या कडा धारदार असतात.