रविवारचा पाठ : टिळकांची गायनसेवा

वाचनभाग : कलस्सैकरांस पत्र ३:१६.

पौल येथें ज्या गीतसेवेविषयीं बोध करितो, तिचें उदाहरण आपल्याच भाषेंत आहे. नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ सालीं कोंकणांत करजगांवीं झाला. आगगाडींत एका सहप्रवाशानें दिलेला नवा करार वाचून त्यांचें मन पालटूं लागलें, व ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यापायीं पत्नी लक्ष्मीबाई व लहान पुत्र यांचा कांहीं वर्षें वियोग त्यांनीं सोसला. लक्ष्मीबाईंनीं १९०० सालीं बाप्तिस्मा घेतला.

परक्या चालींचीं गीतें खेड्यांतील ओठीं सहज बसत नाहींत. म्हणून टिळकांनीं अभंग, ओवी, भजन व कीर्तन प्रभूच्या सेवेस लाविलें. १९१७ सालीं मिशनची वेतनी नोकरी सोडून त्यांनीं ‘देवाचा दरबार’ स्थापिला. ता. ९ मे १९१९ रोजीं ते प्रभूकडे गेले. त्यांचें अपुरें ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीं पुढें चालविलें. त्यांचें अक्षरशिक्षण लग्नानंतरचें होतें, हें आमच्या भगिनींनीं ध्यानांत ठेवावें.

उदगीराकडील उपदेशक बंधूंस आमची विनंति कीं, दर आठवड्यास एक गीत अर्थासह सांगून मंडळीकडून पाठ करून घ्यावें. ज्यास वाचतां येत नाहीं, त्याच्या अंतःकरणांत वचन गीतानेंच राहतें. टाळ-मृदंगाचा संकोच नको. परंतु शेजाऱ्याशीं वैर धरून गाइलेलें भजन देवास कसें रुचेल?

मननार्थ प्रश्न : आपल्या गीताकरितां आपण काय सोडिलें आहे?