जगतुंग सागराच्या पाळीवरून

बिलोलीकरांनी एखादा रविवार मोकळा ठेवावा आणि कंधारचा जगतुंग सागर पायी पाहावा. जायला दोनेक तास धरा. नांदेडहून येणाऱ्यांना साधारण 50 किलोमीटर पडतं. ऊन चढायच्या आत तळ्यावर पोहोचायचं, म्हणजे बिलोली अंधारातच सोडायची.

ऐरोलीला ठाणे खाडीच्या कांदळवनातून चिखलावर उचललेली फळ्यांची पायवाट आहे. तिच्यावरून चालणाऱ्याचे पाय कोरडे राहतात, आणि काठावरचे खेकडे, कोंब, घरटी पायाखाली येत नाहीत. कंधारला हेच काम तळ्याची पाळ करते. म्हणून पहिला नियम: पाळ सोडून पाण्याकडे उतरायचं नाही. आपली काळी माती ओली झाली की बुटाला शेरभर चिकटते, आणि वरून सुकलेली दिसली तरी खाली पाय रुततो. काठालगतच्या गवतात पाणपक्षी अंडी घालतात, तेही लक्षात असू द्या.

तळं जुनं आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण (939 ते 967) याच्या काळातल्या कंधारच्या शिलालेखात जगत्तुंगसमुद्राचं नाव येतं. हजार वर्षांपूर्वीही या कोरड्या मुलखात लोकांनी पाणी अडवून ठेवलं होतं, हे मला इथल्या किल्ल्याच्या तटबुरुजांपेक्षा मोठं वाटतं. त्यामुळे पाळीचे दगड उचकटू नका, त्यावर नावं कोरू नका. पाळीचा एक दगड हलला की पाणी तिथूनच वाट शोधतं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. सूर्य पाठीशी ठेवून चाला, म्हणजे पाण्यावरचे पक्षी काळे ठिपके न दिसता रंगांसह दिसतील. मराठवाड्याच्या तळ्यांवर हिवाळ्यात वारकरी, टिबुकली, शेकाट्या, पाणकावळे, खंड्या हमखास भेटतात. टिबुकली बुडी मारते तेव्हा जागेवर थांबा. ती कुठे वर येईल याचा अंदाज बांधत बसण्यात मुलं रमतात. दुर्बीण असेल तर न्या, नसली तरी अडत नाही. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज मात्र अजिबात लावू नका. मासेमारांची जाळी वाळत घातलेली दिसली तर वळसा घालून जा.

जाड तळव्याचे बूट हवेत, कारण दगडांच्या फटीत साप असू शकतो. टोपी आणि माणशी दोन लिटर पाणी घ्या. पोहायला उतरू नका. एप्रिल-मे टाळाच, पारा चाळिशी ओलांडतो आणि पाळीवर सावली शोधावी लागते.

फेरी लहान आहे, घाई करू नका. डब्यात सुशीला किंवा भाकरी-ठेचा असू द्या, आणि कागद-पिशव्या परत घरी न्या. मग भुईकोट किल्ल्याकडे वळा. त्याचा पाण्याचा खंदक आणि आतला लाल महाल चुकवू नका. कंधारमध्ये राष्ट्रकूटकालीन क्षेत्रपालाच्या महाकाय मूर्तीचे अवशेषही आहेत, गावात विचारा. नुसती पावलं पाहिली तरी मूर्ती केवढी असेल ते कळतं.

वेळ उरलाच तर तालुक्यातल्या बारूळला मन्याडवरचं धरण पाहा. ही मन्याड पुढे मांजरेला मिळते, म्हणजे इथलं पाणी आपल्याच मुलखाकडे येतं. दिवस मावळायच्या आत परतीला लागा.