राउटरची घोषणा आणि लॅपटॉपचे कान

जिज्ञासू : नवा राउटर बसवल्यावर फोनवर नेट व्यवस्थित चालते, पण आठ-दहा वर्षांच्या लॅपटॉपला त्याचे नावसुद्धा दिसत नाही, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. लॅपटॉपचे वायफाय कार्ड आणि राउटर यांचे मुळातच जमत नाही, असे यावरून समजावे काय?

जाणकार : तसे समजणे घाईचे ठरेल, कारण वायफायची रचनाच जुन्या उपकरणांना सांभाळून घेण्याच्या तत्त्वावर उभी आहे. आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेने १९९७ मध्ये ८०२.११ हे मानक, म्हणजे बिनतारी उपकरणांनी परस्परांशी कसे बोलावे याची नियमावली, प्रसिद्ध केले, तेव्हा कमाल वेग सेकंदाला अवघा २ मेगाबिट होता. पुढे १९९९ मध्ये बी, २००३ मध्ये जी, २००९ मध्ये एन, २०१३ मध्ये एसी आणि २०२१ मध्ये एएक्स अशा आवृत्त्या आल्या. त्यांपैकी शेवटच्या तिघींना आता वायफाय ४, ५ आणि ६ म्हणतात. बँड, म्हणजे लहरींचा पट्टा, एकच असेल, तर नव्या आवृत्तीचा राउटर जुन्या कार्डाशी त्या कार्डाच्या कुवतीप्रमाणे बोलतो.

जिज्ञासू : समोरच्या कार्डाची कुवत राउटरला कळते कशी?

जाणकार : राउटर सेकंदाला सुमारे दहा वेळा एक छोटी घोषणा हवेत सोडत असतो, तिला बीकन म्हणतात. नेटवर्कचे नाव, चॅनेल, सुरक्षेचा प्रकार, चालणारे वेग आणि इतर क्षमता तीत सुट्या तुकड्यांनी मांडलेल्या असतात. कार्ड ती घोषणा वाचते, जोडणीची विनंती करताना स्वतःच्या क्षमता कळवते, आणि दोघांत जे समान निघते त्यावर पुढचा व्यवहार चालतो. या मांडणीतील सर्वांत दूरदृष्टीचा नियम असा की, घोषणेतील जो तुकडा कळत नाही तो सोडून पुढे वाचावे. त्यामुळेच पुढच्या आवृत्त्यांना नवे तुकडे जोडता आले आणि घरोघरची जुनी यंत्रे भंगारात गेली नाहीत.

जिज्ञासू : नियम इतका उदार असेल, तर नाव दिसेनासे का होते?

जाणकार : कधीकधी नियम पाळण्यातच चूक झालेली असते. काही जुन्या कार्डांचे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या आज्ञावल्या, वायफाय ६ च्या घोषणेतील अनोळखी तुकड्याशी अडखळतात आणि ते नेटवर्क यादीतूनच गळते. अशा वेळी नवा ड्रायव्हर टाकला, किंवा राउटरच्या सेटिंगमध्ये एएक्स तात्पुरते बंद केले, की नाव दिसू लागते. कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचे असेल, तर मात्र ५ गिगाहर्ट्‌झवरील घोषणा त्याच्या कानांपर्यंत पोहोचतच नाही, आणि ही उणीव कोणत्याही ड्रायव्हरने भरून निघत नाही, राउटरवर २.४ चा बँड चालू ठेवणे हाच त्यावर उपाय.

तिसरे कारण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. २.४ च्या बँडमध्ये भारतात १३ चॅनेल वापरता येतात, तर अमेरिकी बाजारासाठी बनलेली कार्डे बहुधा अकराव्यापाशी थांबतात. नात्यातील कोणी न्यू जर्सीहून आणलेला लॅपटॉप पुण्यातील घरी उघडला आणि राउटरने ‘ऑटो’ सेटिंगमुळे बारावे किंवा तेरावे चॅनेल निवडलेले असले, तर दोन्ही यंत्रे निर्दोष असूनही भेट होत नाही. चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी एकावर कायम केले की प्रश्न मिटतो. हीच तीन चॅनेल निवडण्याचे कारण असे की, लगतच्या दोन चॅनेलांत ५ मेगाहर्ट्‌झचे अंतर असते आणि प्रसारण मात्र सुमारे २० मेगाहर्ट्‌झ जागा व्यापते, म्हणून पहिल्या अकरा चॅनेलांत एकमेकांवर न चढणारी अशी तीनच बसतात.

जिज्ञासू : नाव दिसते, पासवर्डही बरोबर आहे, तरी जोडणी होत नाही, असे घडले तर?

जाणकार : मग सुरक्षेचा प्रकार पाहावा. डब्ल्यूपीए-३ ही २०१८ मध्ये आलेली पद्धत अनेक जुन्या कार्डांना येत नाही. राउटरवर डब्ल्यूपीए-२ आणि ३ यांचा मिश्र पर्याय निवडला, की बहुतेक कार्डे जोडली जातात. मात्र एका जुन्या लॅपटॉपच्या सोयीसाठी डब्ल्यूईपी या मोडीत निघालेल्या पद्धतीवर उतरू नये, कारण तिचे कुलूप २००१ पासून उघडे पडलेले आहे आणि धोका त्या एका लॅपटॉपला नव्हे, तर साऱ्या घराला असतो. टीकेआयपी हे जुने सांकेतिकीकरणही निवडू नये. त्यावर एन आवृत्तीचे वेग वापरण्यास मानकाचीच मनाई असल्याने चांगले कार्डही ५४ मेगाबिटांवर अडकते. त्याऐवजी एईएस निवडावे.

जिज्ञासू : जोडणी झाल्यावर राउटरच्या खोक्यावर छापलेला वेग तरी मिळतो काय?

जाणकार : मिळत नाही. खोक्यावरचा आकडा सर्व बँडांची बेरीज असते, आणि लॅपटॉप सहसा एका वेळी एकाच बँडवर असतो. एका अँटेनाचे एन कार्ड २० मेगाहर्ट्‌झ रुंदीच्या चॅनेलवर फार तर ७२ मेगाबिटांपर्यंत जाते, तर दोन अँटेनांचे एसी कार्ड ८० मेगाहर्ट्‌झवर ८६७ पर्यंत. प्रत्यक्ष डाउनलोड याहून बरेच कमी असते. म्हणून जुन्या कार्डासाठी महागडा राउटर घेणे हा पैशाचा अपव्यय होय.

जिज्ञासू : त्यापेक्षा कार्डच बदलता येईल काय?

जाणकार : पुष्कळदा येते, परंतु आधी लॅपटॉपची खालची बाजू उघडून पाहावे. काही लॅपटॉपांत कार्ड मदरबोर्डला डाकलेले असते, आणि काही कंपन्यांचे बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू करणारी मूळ आज्ञावली, ठरावीक कार्डांखेरीज इतरांना स्वीकारत नाही. इंटेलच्या काही कार्डांचे अर्धे काम प्रोसेसरच्या बाजूला सोपवलेले असते. एएक्स २०१ हे कार्ड त्यामुळे फक्त जुळणाऱ्या इंटेल बोर्डावर चालते, तर एएक्स २१० अशा आधाराविना चालते. कार्डाची जागा सापडली, तर तेथे २२ गुणिले ३० मिलिमीटरची पट्टी आणि तिच्यावर चिमुकल्या गोल टोप्यांनी दाबून बसवलेल्या दोन बारीक तारा दिसतात; या तारा बिजागरीतून पडद्याच्या चौकटीतील अँटेनांपर्यंत जातात. नवे कार्ड बसवताना टोपी नखाने सरळ खाली दाबावी आणि टक् असा आवाज येऊ द्यावा. ती अर्धवट बसली, तर राउटर शेजारच्या खोलीत असूनही रेंजची एकच काडी दिसते आणि दोष पुन्हा राउटरच्या माथी येतो.