काळ्या स्क्रीनपासून डेस्कटॉपपर्यंत

आमच्या माकणी गावात वळवाचं वारं सुटलं की लाइटचा भरवसा नाही, म्हणून हे काम सकाळीच काढा. जुन्या कॉम्प्युटरवर डेबियन लिनक्स चढवलंय, पण समोर काळा स्क्रीन आणि लुकलुकणारी रेघ एवढंच दिसतंय, असं धरून चालू. काही बिघडलेलं नाही. लिनक्समध्ये चित्र दाखवणारी यंत्रणा वेगळी बसवावी लागते. एक्स हे तिचं नाव. १९८४ साली अमेरिकेतल्या एमआयटीत ती जन्मली. आपण तिचं एक्स-ऑर्ग हे रूप बसवणार आहोत.

डेबियन चढवताना इंटरनेट जसं जोडलं होतं तसंच जोडा. रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून आत जा. आज्ञा रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहायच्या: आधी ‘एपीटी अपडेट’, मग ‘एपीटी इन्स्टॉल एक्सऑर्ग’. मध्येच लाइट गेली तर घाबरू नका. परत आल्यावर ‘डीपीकेजी’ लिहून जागा सोडा, दोन आडव्या रेघांना जोडून ‘कॉन्फिगर’, पुन्हा जागा सोडून एक रेघ आणि ‘ए’. अर्धवट बसलेलं तिथून पुढे लागतं. मग इन्स्टॉलची आज्ञा पुन्हा द्या.

आता रूटमधून बाहेर पडा, साध्या वापरकर्त्याने आत या आणि ‘स्टार्टएक्स’ लिहा. अक्षरं टाइप करायची एक छोटी खिडकी उमटली की पाया पक्का. ‘एक्झिट’ लिहून परत या. ही पायरी बरेच जण गाळतात. कृपा करून गाळू नका. सगळं एकदम चढवलं आणि स्क्रीन काळाच राहिला, तर चूक कुठे आहे ते शोधण्यात दिवस जातो.

खिडकी आली नाही तर आपल्या फोल्डरात ‘.लोकल’, त्यात ‘शेअर’, त्यात ‘एक्सऑर्ग’ इथली नोंदवही उघडा आणि कंसात दोनदा मोठा ‘ई’ असलेल्या ओळी वाचा. अनेकदा ग्राफिक्स चिपचं फर्मवेअर नसतं. ‘एलएसपीसीआय’ने चिप कुठली ते कळतं. २०२३ सालच्या डेबियन १२ पासून असं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येतं, म्हणून जुनी सीडी वापरू नका.

मग पुन्हा रूट होऊन ‘एक्सएफसीई४’ आणि ‘लाइटडीएम’ बसवा. एक्सएफसीई हा डेस्कटॉप हलका आहे, जुन्या मशीनला झेपतो. कॉम्प्युटर बंद-चालू केल्यावर लाइटडीएमचा नाव-पासवर्ड विचारणारा रंगीत स्क्रीन यायला हवा. नाही आला तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२ एकत्र दाबा. अक्षरांचा स्क्रीन परत मिळतो.

शेवटी ‘फॉन्ट्स-देवा’ बसवा, म्हणजे मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसणार नाहीत.