इंजिनाचा जोर एकाएकी का ओसरतो?

विद्यार्थी मित्रहो, पेडणे आणि डिचोली या आपल्या दोन तालुक्यांत जुन्या पिकअप गाडीवर ज्याचा संसार चालतो असे एखादे तरी घर बहुतेक प्रत्येक गावात आढळते. पेडण्याकडील नारळ व भाजी कोलवाळचा पूल ओलांडून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारास जाते ती अशाच गाड्यांतून. बेळगावकडील माल चोर्ला घाट उतरून साखळीस व डिचोलीस येतो, तोही पुष्कळदा यांच्याच पाठीवरून. अशी गाडी एखाद्या दिवशी भर चढावर एकाएकी दम सोडते. पायटा पूर्ण दाबला तरी ती ओढत नाही. मग कोणी म्हणतो, "पंप गेला", कोणी म्हणतो, "इंजिन उतरवावे लागेल." घरधनी घाबरून मोठ्या खर्चास तयार होतो, आणि पुष्कळदा दोष निघतो तो एखाद्या तुंबलेल्या गाळणीत! म्हणून अशा वेळी कारणाचा शोध कोणत्या क्रमाने घ्यावा, हे प्रस्तुत लेखात पाहू.

प्रथम जोर निर्माण कसा होतो ते समजून घेऊ. या जुन्या गाड्या बहुधा डिझेलवर चालतात. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने आपले इंजिन १८९७ साली यशस्वी रीतीने चालवून दाखविले. त्यात इंधन पेटविण्यास विजेची ठिणगी लागत नाही. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे टोक गरम होते, हा अनुभव तुम्हां सर्वांना आहे. हवा दाबली की तापते, हेच तत्त्व येथे वापरले आहे. सिलिंडरमध्ये ओढून घेतलेली हवा दट्ट्या वर येताना तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे विसाव्या भागात दाबली जाते. तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. त्या तप्त हवेत डिझेलचा सूक्ष्म फवारा सोडताच तो पेट घेतो व दट्ट्याला खाली ढकलतो. याचा अर्थ असा की, जोरासाठी तीन गोष्टी हव्यात : पुरेशी हवा, वेळेवर मिळणारे पुरेसे इंधन आणि पुरता दाब.

यांपैकी हवा किती लागते? एक लिटर डिझेल पूर्णपणे जळण्यास सुमारे दहा हजार लिटर हवा लागते. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद व अडीच मीटर उंच अशा खोलीत मावेल एवढी ही हवा होय!

आता शोधास आरंभ करू. जोर "एकाएकी" गेला, हाच पहिला पुरावा आहे. दट्ट्याची कडी किंवा सिलिंडर झिजण्यास वर्षे लागतात. त्या झिजेने जोर हळूहळू घटतो व मालकास तो घटल्याचे चटकन कळतही नाही. परंतु सकाळी नीट चाललेली गाडी दुपारी दुबळी झाली, तर वाटेत कोठेतरी अडथळा आला असावा, गळती लागली असावी किंवा काहीतरी तुटले वा सुटले असावे. म्हणून झिजेचा विचार शेवटी करावा.

दुसरा प्रश्न : दुबळे इंजिनच आहे की गाडी दुसऱ्या कशाने अडली आहे? इंजिनाचा आवाज चढतो, पण वेग वाढत नाही आणि जळका वास येतो, असे असेल तर क्लच घसरत आहे. थोडे अंतर चालल्यावर एकच चाक इतरांपेक्षा अधिक तापले, तर त्याचा ब्रेक सुटत नाही असे समजावे. या दोन्ही बाबतींत इंजिन निर्दोष असते. तसेच, इंजिन बंद ठेवून एकाने पायटा दाबावा व दुसऱ्याने पंपावरील दांडा पूर्ण फिरतो की नाही ते पाहावे. पायट्याची तार सैल झाली असेल, तर सारा दोष तेवढाच असतो.

यानंतर धुराकडे पाहावे. चढावर दाट काळा धूर येत असेल, तर इंधनाच्या मानाने हवा अपुरी पडत आहे. हवेची गाळणी काढून उजेडासमोर धरावी. डिचोलीच्या खाणपट्ट्यात खनिजाची तांबडी धूळ या गाळणीत दाट बसते. टर्बो असलेल्या गाडीत त्याच्या पुढील रबरी नळी फाटली, तरीही काळा धूर येतो व फुसफुस असा आवाज ऐकू येतो. गाळणी तुंबली म्हणून ती काढून टाकून गाडी चालविणे मात्र घातक होय, कारण तीच धूळ मग सिलिंडर घासून टाकते. निळसर धूर वंगणाचे तेल जळत असल्याचे सांगतो. थंड इंजिनातून थोडा वेळ पांढरा धूर येणे स्वाभाविक आहे. तो थांबत नसेल, रेडिएटरमधील पाणी घटत असेल व इंजिन तापत असेल, तर सिलिंडरच्या माथ्याखालील गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा. अशी गाडी पुढे हाकू नये आणि तप्त रेडिएटरचे झाकणही उघडू नये.

जोर नाही आणि धूरही नाही, अशी स्थिती असेल तर इंधनच कमी पोहोचत आहे. ही स्थिती पावसाळ्यात आपल्याकडे विशेष संभवते. अर्धवट भरलेल्या टाकीतील दमट हवेचे बाष्प थंड पत्र्यावर जमते. ते पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचते. पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जीव वाढून बुळबुळीत साका तयार होतो व तो गाळणीत अडकतो. २०१२ च्या सप्टेंबरात आणि पुन्हा २०१८ च्या मार्चात गोव्यातील खाणी बंद पडल्या, तेव्हा पुष्कळ ट्रक महिनेच्या महिने उभे राहिले. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या वाहनात हा दोष हटकून उद्भवतो. त्याची परीक्षा सोपी आहे. डिझेलच्या गाळणीखालील तोटी उघडून थोडे इंधन काचेच्या बरणीत घ्यावे व काही वेळ स्थिर ठेवावे. पाणी असल्यास त्याचा थर तळाशी स्पष्ट दिसतो.

आता एक उदाहरण सोडवू. माल भरलेली पिकअप पेडण्याहून निघाली. सपाटीवर ती ठीक चालली, पण अर्ध्या तासाने चढावर तिने दम सोडला. दहा मिनिटे विसावा देताच ती पुन्हा जोराने चालू लागली आणि काही वेळाने पुन्हा थकली. धूर नाही, इंजिनही तापलेले नाही. यावरून काय निष्पन्न होते? सपाटीवर इंधन थोडे लागते, म्हणून दोष झाकला जातो. चढावर मागणी वाढते व तो उघडा पडतो. विसाव्याने जोर परत येतो, त्या अर्थी अडथळा आपोआप दूर होत आहे. असे करणारी दोन ठळक कारणे आहेत. टाकीत हवा शिरण्याचे छिद्र बुजले असेल, तर आत निर्वात होऊन डिझेल पुढे सरकत नाही. किंवा टाकीतील जाळीवर ओढीने कचरा चिकटत असेल व इंजिन थांबताच तो खाली पडत असेल. या दोहोंत निवाडा कसा करावा? गाडी पुन्हा थकताच, विसावा न देता, टाकीचे झाकण सैल करावे. "सूं" असा आवाज होऊन जोर लगेच परतला, तर छिद्र बुजले आहे. नाही परतला, तर टाकी धुवावी. एका साध्या कृतीने दोन कारणे वेगळी झाली! ही परीक्षा अर्थातच गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित उभी करून, चाकाला दगड लावून व मोठ्या माणसांनीच करावयाची आहे. डिझेलच्या फवाऱ्याच्या नळ्यांजवळ तर कोणीही हात नेऊ नये. त्यांतून उडालेली धार कातडीतून आत शिरू शकते.

एवढे सर्व निर्दोष आढळल्यावरच सिलिंडरचा दाब मोजावा, आणि पंप वा इंजिन खोलण्याचा निर्णय अनुभवी मेकॅनिकवर सोपवावा.

मित्रहो, या शोधाचे नियम तीनच आहेत : सोपे व स्वस्त ते आधी तपासावे, एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि प्रत्येक बदलाचा परिणाम पाहून मगच पुढे जावे. दोन भाग एकदम बदलले, तर गाडी चालू होईल कदाचित, पण दोष कोठे होता ते कळणार नाही आणि एकाचे पैसे व्यर्थ जातील. प्रयोगशाळेत गुरुजन तुम्हांस हीच रीत शिकवितात. आपल्या अंगणात उभ्या असलेल्या जुन्या गाडीलाही ती लागू पडते, आणि तेथे तिच्यामुळे घरच्या कष्टाचा पैसा वाचतो.