डिकीतलं सॉकेट बंद पडलं तर

अगं, तुझ्या हायब्रिड गाडीच्या डिकीतलं सॉकेट ‘गेलंय’ एवढंच सांगून गाडी वर्कशॉपला नेऊ नकोस. ते कधी जातं, काय लावल्यावर जातं, आणि परत कशानं येतं, हे आधी बघ. त्या तीन गोष्टी कळल्या की निम्मं निदान घरातच होतं.

आणि हे वेळेवर करणं तुला इतर कुणापेक्षा जास्त गरजेचं आहे, कारण तू सांगलीत राहतेस. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. पाणी चढलं की वीज बंदच ठेवावी लागते, आणि मग टॉर्च, मोबाईल, औषधं, सगळ्याचीच पंचाईत होते. इथं साताऱ्यात बसून कोयना धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी ऐकली की मला आधी तुझंच घर आठवतं. सासूबाईंचं नेब्युलायझर गाडीवर चालू शकतं, ही फार मोठी सोय आहे. जपानमध्ये टोयोटानं २००१ च्या एस्टिमा हायब्रिडमध्ये १५०० वॅटचं सॉकेट दिलं होतं. २०११ च्या भूकंप-त्सुनामीत अशा गाड्यांवर लोकांनी घरच्या गरजा भागवल्या, आणि नंतर प्रियसमध्येही ती सोय आली.

आता तुझ्या गाडीचं. मोठ्या बॅटरीत डीसी वीज असते, तीही दोनशे व्होल्टच्या आसपास किंवा त्याच्या वर. घरच्या वस्तूंना लागते २३० व्होल्टची एसी. हे बदलण्याचं काम इन्व्हर्टर करतो, आणि त्याच्यावर कंट्रोल युनिटची सतत नजर असते. लोड जास्त झाला, गळती दिसली, इन्व्हर्टर तापला, बॅटरी उतरली, तर ते सॉकेट बंद करतं. म्हणजे बहुतेक वेळा सॉकेट बिघडलेलं नसतं, त्यानं तुला आणि गाडीला वाचवलेलं असतं. माझं ठाम मत आहे की या खात्यातले निम्मे खर्च हे न समजता पार्ट बदलण्याचे असतात.

सगळ्यात आधी सॉकेटच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात वॅट बघ. काही गाड्यांतलं सॉकेट दीडेकशे वॅटचंच असतं, लॅपटॉपपुरतं, आणि ते छोट्या बारा व्होल्टच्या बॅटरीवरून चालतं. त्याच्यावर मिक्सर लावला तर ते बंद पडणारच. काहींत १५०० वॅट मिळतात, म्हणजे २३० व्होल्टला साडेसहा अँपियर. नेक्सॉन ईव्हीसारख्या पूर्ण विजेच्या गाडीत चार्जिंगच्या तोंडातून ३.३ केव्हीएपर्यंत वीज बाहेर घेता येते, पण तो प्रकार वेगळा. दोन्हींचे नियम एकमेकांना लावू नकोस.

मग गाडी ‘रेडी’ला आण. नुसतं बटण दाबून डॅशबोर्ड उजळला म्हणजे रेडी नव्हे, त्यासाठी ब्रेकवर पाय हवा. सॉकेटचं वेगळं बटण असेल तर तेही दाब. रेडीच येत नसेल तर मोठ्या बॅटरीवर शंका घेण्याआधी छोटी बारा व्होल्टची बॅटरी तपासून घे. ती मेली की मोठी बॅटरी जोडणारे कॉन्टॅक्टर लागत नाहीत, आणि माणसं घाबरून भलत्याच ठिकाणी पैसे घालतात.

यानंतर एक साधा बल्ब घे, साठ वॅटचा, होल्डर आणि वायरसकट. एक्स्टेन्शन बोर्ड नको, मल्टिप्लग नको, थेट सॉकेटला लाव. बल्बसुद्धा लागत नसेल तर फ्यूज, बटण किंवा इन्व्हर्टर. बल्ब ठीक, पण किटली लावताच गेलं तर लोड. किटली दीड हजार वॅटची असते, ती सॉकेटची सगळी मर्यादा एकटीच खाते. फ्रिजचं मात्र नीट ऐक. त्यावर दीडशे वॅट लिहिलेले असतात, पण कॉम्प्रेसर सुरू होताना तो क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढतो. म्हणून सॉकेट चालू होतं, ‘टक्’ होतं, आणि बंद. यात ना फ्रिजचा दोष ना गाडीचा. फ्रिज एकटाच लाव, बाकी सगळं काढून. वस्तूंची एक वही कर आणि कुणी काय ओढतं ते लिही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण पुराच्या रात्री कुणी आकडे आठवत बसत नाही.

बल्ब वीस मिनिटांनी जात असेल तर डिकीतल्या आणि मागच्या सीटजवळच्या जाळ्या बघ. तिथून पंख्याची हवा जाते. त्यावर सतरंजी, बॅगा, लेकरांची दप्तरं रचलेली असतात. इन्व्हर्टर तापतो आणि थांबतो. जाळी मोकळी कर, थंड होऊ दे, परत चालतं का बघ.

आता ओल. कोरड्या दिवशी चालतं आणि महाबळेश्वर-पाटणच्या धुक्यात जातं, तर गळतीचाच संशय घे. एक्स्टेन्शन बोर्डात दमट धूळ बसते, प्लगच्या पिना हिरव्या पडतात. सगळं काढ, सॉकेट एकटं चालू ठेव, मग एकेक वस्तू लाव. ज्या वस्तूवर जाईल ती वस्तू गळकी.

आणि टेस्टरवर विश्वास ठेवू नकोस. घरी टेस्टर एकाच भोकात लागतो. बऱ्याच गाड्यांत मात्र ही वीज जमिनीशी जोडलेली नसते, म्हणून तो दोन्हीत मंद लागेल किंवा एकातही नाही. वायरमन ‘न्यूट्रल तुटलाय’ म्हणाला तरी मल्टीमीटर एसीवर लावून दोन भोकांत मोजायला सांग. २३० च्या आसपास आलं की बास.

याच्या पलीकडे तू किंवा तुझा नवरा, कुणीच जाऊ नका. गाडीतल्या नारंगी वायरी म्हणजे जीवघेणं व्होल्टेज, आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ते काही वेळ उरतं. गाडीच्या आत पाणी शिरलेलं असेल तर स्टार्टही करू नकोस, कंपनीच्या माणसालाच बोलाव. वर्कशॉपला गेलीस की बिघाडाचे कोड पुसण्याआधी स्कॅनरच्या पडद्याचा फोटो काढ. ‘पी०एए६’ आला असेल तर तो उच्च व्होल्टेजच्या इन्सुलेशनचा आहे, सॉकेट बदलून तो जाणार नाही. कोड पुसून गाडी हातात देणाऱ्याला ‘कारण काय निघालं?’ हे विचारल्याशिवाय बिल भरू नकोस.

दोन गोष्टी मात्र मी तुला बजावते. हायब्रिडचं इंजिन बॅटरी उतरली की आपोआप सुरू होतं. पावसात शटर ओढून बंद पार्किंगमध्ये सॉकेट चालवलंस तर धुरातला कार्बन मोनॉक्साईड वासाशिवाय जीव घेतो. गाडी उघड्यावर, धुराडं घराच्या उलट्या तोंडाला. दुसरं, दोन्हीकडे प्लग असलेली वायर करून घरच्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये गाडीची वीज कधीच सोडू नकोस, कुणी कितीही ‘आमच्याकडे चालतं’ म्हणालं तरी. ती तारेवर उलटी जाते, आणि महावितरणचा लाईनमन ‘लाईट बंद आहे’ समजून खांबावर चढलेला असतो.

आता हे सगळं पाऊस लागायच्या आत उरक. मे महिन्यात नेब्युलायझर अर्धा तास गाडीवर चालवून बघ. मोठं सॉकेट असेल तर फ्रिज दोन तास. बिघाड निघालाच तर तेव्हा वर्कशॉपला गर्दी नसते, पार्टही वेळेत येतो. वहीतले आकडे मला पाठव, आपण दोघी बसून बघू.